उपकरारावरचे संशोधक

श्रीमंत देशांच्या विकास-मदतीतून गरीब देशांमध्ये जे संशोधन चालते, त्यातील विषमतेबद्दल आता बऱ्यापैकी उघडपणे बोलले जाते. ही चर्चा बहुतेक वेळा शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीपासून सुरू होते आणि तिथेच घुटमळते: पहिले नाव कोणाचे, शेवटचे कोणाचे, आणि ज्या देशात काम झाले तिथल्या माणसांची नावे मध्येच कुठेतरी का कोंबलेली असतात. प्रश्न रास्तच आहे. पण अशा प्रकल्पांमध्ये भागीदार संस्थेच्या बाजूने बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की लेखकांच्या यादीत जे दिसते ते फार उशिरा दिसते. खरा निवाडा त्याच्या काही वर्षे आधीच झालेला असतो. निधी देणाऱ्याशी मूळ करार कोणी करायचा आणि त्या कराराखालचा उपकरार कोणाच्या पदरी पडायचा, हे ठरते त्या दिवशी. कोणाला मान मिळतो, कोणाचे मत विचारले जाते, कोणाचे नाव कुठे लागते, हे सारे त्या रचनेच्या मागून येते.

त्यामुळे आधी पैशाचा मार्ग पाहणे भाग आहे. कोणता खर्च अधिकृत विकास साहाय्य म्हणून मोजायचा, याचे नियम आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, एक समिती ठरवते. त्या नियमांचा गाभा असा की खर्चाचे मुख्य उद्दिष्ट विकसनशील देशांचा आर्थिक विकास आणि कल्याण हे असले पाहिजे. मलेरियाची लस, दुष्काळात तग धरणारे बियाणे, प्राथमिक शाळांतील मुलांना वाचायला का येत नाही याचा अभ्यास, हे सगळे या व्याख्येत बसते आणि बसायलाही हवे. मात्र ही अट उद्दिष्टाविषयी आहे. पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो याविषयी नाही. संशोधन गरीब देशाच्या प्रश्नावर असेल, तर श्रीमंत देशातील प्राध्यापकाचा पगार, त्याच्या विद्यापीठाच्या इमारतीचा खर्च आणि त्याचा विमानप्रवास हेही त्या गरीब देशाला दिलेली मदत म्हणूनच नोंदवता येते.

ब्रिटनचे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण तिथली कागदपत्रे उघड असतात आणि तिथे स्वतःवर टीका करणाऱ्या सरकारी यंत्रणाही आहेत. 2014 मध्ये ब्रिटनने न्यूटन फंड सुरू केला आणि पाठोपाठ ग्लोबल चॅलेंजेस रिसर्च फंड जाहीर केला. या दुसऱ्या निधीसाठी पाच वर्षांत दीड अब्ज पौंड ठेवले होते. दोन्हींचा पैसा मदतीच्या अंदाजपत्रकातून आला. ग्लोबल चॅलेंजेस फंडाच्या बहुतेक योजनांत अर्जाचे नेतृत्व ब्रिटिश संशोधन संस्थेने करायचे, ही अट होती. परदेशी सहसंशोधकांना पैसा देता येत होता, पण तो ब्रिटिश विद्यापीठामार्फत. ब्रिटनच्या मदतखर्चावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र आयोगाने 2019 मध्ये न्यूटन फंडाचा आढावा घेतला, तेव्हा त्याचा सुमारे 90 टक्के पैसा ब्रिटिश संस्थांकडेच राहत असल्याचे नमूद केले. भागीदार देशांनी आपला वाटा वेगळा घालायचा अशी त्या फंडाची मांडणी होती, त्यामुळे या आकड्याला एक बचाव आहे, आणि तो मी मान्य करतो. तरीही मदत देणाऱ्याच्याच देशात खर्च करण्याचे बंधन घालणारी बांधील मदत 2002 च्या कायद्याने ब्रिटनने बंद केली होती, हे लक्षात घेतले तर त्या आकड्याकडे सहज डोळेझाक करता येत नाही.

अमेरिकेत तोच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. अमेरिकी सरकारची विकास-मदत संस्था यूएसएड हिने 2021 मध्ये जाहीर केले की आपल्या निधीचा चौथा हिस्सा 2025 पर्यंत थेट स्थानिक संस्थांना दिला जाईल. पुढच्या दोन वर्षांत तो हिस्सा 10 टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिला. त्याच 2021 च्या एप्रिलमध्ये आफ्रिकी आणि इतर संशोधकांनी निधी देणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. निमित्त होते मलेरियाविरोधी अमेरिकी कार्यक्रमाने दिलेल्या सुमारे 3 कोटी डॉलरच्या अनुदानाचे. आफ्रिकी देशांना मलेरियाची आकडेवारी नीट वापरता यावी यासाठीचे हे काम अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील संस्थांच्या गटाकडे गेले होते, आणि त्या गटात आफ्रिकेतील एकही संस्था नव्हती. आफ्रिकेतील मलेरिया, आफ्रिकेतील आकडेवारी, आफ्रिकेतील सरकारे आणि आफ्रिकेबाहेरच्या संस्था! ज्यांनी हा गट निवडला, त्यांना यात काही विचित्र वाटले नसावे. नेहमीच्या पद्धतीने अर्ज मागवले, नेहमीच्या निकषांवर गुण दिले आणि नेहमीच्याच संस्था वर आल्या.

आता उपकराराकडे येतो, कारण हा कागद बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. मूळ करार निधी देणारी संस्था आणि श्रीमंत देशातील विद्यापीठ यांच्यात होतो. त्या विद्यापीठाचा कायदा विभाग मग भागीदार संस्थेला उपकरार पाठवतो, आणि मूळ करारातील प्रत्येक जोखीम या दुसऱ्या कागदावर एक पायरी खाली सरकवलेली असते. पैसा आगाऊ मिळणार नाही. खर्च करून, पावत्या जोडून, तिमाही संपल्यावर मागणी करायची. विनिमय दरातील चढउतार भागीदाराने सोसायचा. मूळ करार रद्द झाला तर उपकरार आपोआप रद्द, आणि त्याची सूचना बहुधा महिन्याभराची. तंटा झाला तर निवाडा त्यांच्या देशातील न्यायालयात.

यातील पहिले कलम वाचताना किरकोळ वाटते, म्हणून ते प्रत्यक्षात कसे चालते ते सविस्तर सांगतो. समजा काम जानेवारीत सुरू झाले. घरोघर जाऊन प्रश्नावली भरणाऱ्या मुलामुलींचा पगार जानेवारीअखेर द्यावाच लागतो. त्यांना थांबा म्हणता येत नाही. गाडीचे इंधन, मुक्कामाचा खर्च, प्रयोगशाळेतील रसायने यांचेही तसेच. मार्चअखेर तिमाही संपते. लेखापाल एप्रिलमध्ये पावत्या लावून मागणी पाठवतो. मग तिकडून शंका येतात: एका जीपच्या भाड्याची पावती हस्तलिखित आहे, तिच्यावर करक्रमांक नाही, एका गावातील जेवणाच्या खर्चाला पावतीच नाही. ज्या गावात करक्रमांकवाला जीपमालक अस्तित्वात नाही, तिथून तो क्रमांक आणायचा कसा, याचे उत्तर कोणत्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नसते. पत्रव्यवहारात मे जातो. मुख्य विद्यापीठ सर्व भागीदारांच्या मागण्या एकत्र करून पुढे पाठवते आणि पैसा जूनअखेर किंवा जुलैत येतो. म्हणजे जानेवारीत दिलेला पगार सहा महिन्यांनी वसूल होतो. तोवर पैसा कुठून येतो? ज्या संस्थेकडे स्वतःची गंगाजळी आहे तिला फरक पडत नाही. छोटी संस्था दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून तात्पुरती उचल करते, आणि नेमकी हीच उचल त्या दुसऱ्या प्रकल्पाच्या लेखापरीक्षणात आक्षेप म्हणून नोंदवली जाते. त्या आक्षेपाची नोंद पुढच्या अर्जाच्या वेळी ‘आर्थिक व्यवस्थापन कमकुवत’ या शेऱ्याच्या रूपात परत समोर येते.

विनिमय दराचेही असेच आहे. जून 2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि पौंड घसरला. ज्या भागीदारांची अंदाजपत्रके पौंडांत ठरलेली होती आणि खर्च आपापल्या चलनात होता, त्यांच्या हातातील रक्कम कामाला सुरुवात होण्याआधीच आटली. अर्जात लिहिलेली कुटुंबांची संख्या मात्र तेवढीच राहिली. त्या मतदानाशी त्यांचा संबंध काय, असे विचारायला जागा नव्हती, कारण उपकरारात ते आधीच कबूल केलेले होते.

याहून मोठा घोळ अप्रत्यक्ष खर्चाचा. संशोधनाला नुसते संशोधक पुरत नाहीत. लेखा विभाग लागतो, कराराची भाषा समजणारा वकील लागतो, नैतिकता समिती चालवावी लागते, वीज, इंटरनेट, ग्रंथालय, उणे 80 अंशांवर चालणारे शीतकपाट आणि वीज गेली तर जनित्र. या सगळ्यासाठी अनुदानात ठरावीक टक्केवारी धरली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, अनुदानांत हा दर विद्यापीठागणिक वाटाघाटीने ठरतो आणि अनेक नामांकित विद्यापीठांच्या बाबतीत तो 50 टक्क्यांच्या वर आहे. परदेशी संस्थांसाठी त्याच एनआयएचचा दर 8 टक्के आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने आपल्या देशातील विद्यापीठांनाही सरसकट 15 टक्क्यांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले, तेव्हा तिथे हलकल्लोळ झाला. इतक्या पैशांत प्रयोगशाळा चालूच शकत नाहीत, संशोधन ठप्प होईल, असे विद्यापीठांनी सांगितले, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्या निर्णयाला स्थगितीही मिळाली. विद्यापीठांचे म्हणणे बरोबर होते असेच मला वाटते. फक्त 15 टक्क्यांत जे अशक्य होते, ते 8 टक्क्यांत इतर देशांतील संस्थांनी कसे निभावले, असा प्रश्न त्या गदारोळात मला तरी कोणी विचारलेला दिसला नाही. त्यांनी ते निभावले नाही, हेच त्याचे उत्तर आहे. लेखा विभाग उभाच राहिला नाही, अनुभवी व्यवस्थापक टिकले नाहीत, आणि मग पुढच्या निविदेत ‘नेतृत्व करण्याची क्षमता या संस्थेकडे नाही’ हा शेरा वस्तुस्थितीला धरूनच ठरला.

म्हणूनच ‘क्षमताबांधणी’ या नावाखाली होणाऱ्या कार्यशाळांबद्दल माझ्या मनात फारसा उत्साह उरलेला नाही. संख्याशास्त्राचे शिक्षण, शोधनिबंध कसा लिहावा याचे शिबिर, अनुदानासाठी अर्ज कसा करावा याचे शिबिर: हे वाईट नाही आणि तरुण संशोधकांना त्याचा उपयोगही होतो. पण ज्या संस्थेला लेखापाल ठेवण्याइतका अप्रत्यक्ष खर्च द्यायचा नाही, तिच्या प्राध्यापकांना अर्ज लिहायला शिकवून काय साधते? त्यातही त्या शिबिराचा खर्च अंदाजपत्रकात पुन्हा श्रीमंत देशातील विद्यापीठाच्याच रकान्यात दाखवलेला असतो.

संशोधनाचा प्रश्न कोण ठरवतो, याचाही उगम याच रचनेत आहे. निधीची जाहिरात निघते आणि अर्ज करायला थोडे आठवडे मिळतात. मुख्य विद्यापीठातील गट पहिला मसुदा लिहितो, कारण नियमानुसार जबाबदारी त्यांची. भागीदार संस्थेला तो मसुदा पाहायला मिळतो तेव्हा प्रश्न, पद्धत, देश, जिल्ह्यांची संख्या आणि पैशाची वाटणी सगळे ठरून गेलेले असते. मला अशी कितीतरी पत्रे आली आहेत. मजकूर अत्यंत सभ्य असतो: आपल्या सहभागाशिवाय हा प्रकल्प अपूर्ण राहील, आपल्या संस्थेच्या नावाच्या कागदावर पाठिंब्याचे पत्र सोमवारपर्यंत मिळाले तर फार उपकार होतील, सोयीसाठी नमुना सोबत जोडला आहे. पत्र गुरुवारी येते. नकार द्यावा तर वर्षभर हाताखालच्या लोकांचे पगार कशातून द्यायचे हा प्रश्न असतो. होकार द्यावा तर दुसऱ्याने मांडलेल्या प्रश्नाची उत्तरे गोळा करण्यात पुढची तीन वर्षे जाणार असतात. बहुतेक जण होकार देतात. पत्र पाठवणारी माणसे दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांच्यातही कंत्राटी नोकरी असलेले तरुण संशोधक असतात, ज्यांचे पुढचे वर्ष याच अर्जावर अवलंबून असते. पण प्रश्नच ज्याचा नाही, तो त्याच्या उत्तरावरून निघालेल्या शोधनिबंधाचा पहिला लेखक होणार तरी कसा?

तेव्हा आता लेखकांच्या यादीचा हिशेब पाहू. 2014 ते 2016 या काळात आफ्रिकेतील आरोग्यविषयक सहयोगी संशोधनावर प्रसिद्ध झालेल्या 7100 निबंधांची छाननी करणारा एक अभ्यास 2019 मध्ये आला. ज्या देशाबद्दल निबंध होता त्याच देशातील पहिला लेखक असण्याचे प्रमाण एकूण निबंधांत सुमारे 53 टक्के होते. पण सहलेखकांमध्ये अमेरिकेतील अग्रगण्य विद्यापीठांचे लोक असले की ते 23 टक्क्यांवर घसरत होते. 13.5 टक्के निबंधांत तर त्या देशातील एकही लेखक नव्हता. भागीदार जितका बलाढ्य, तितका स्थानिक संशोधक मागे, असा हा आलेख आहे. स्थानिक लेखक नसलेल्या निबंधांना दारे बंद करण्याची भूमिका काही मोठ्या नियतकालिकांनी घेतली आहे आणि स्थानिक सहभागाविषयी खुलासा मागण्याची पद्धतही रूढ होत आहे. त्याचा परिणाम होईल, पण तो नावांवर होईल. मसुदा लिहायला दोन महिने मोकळे मिळणे ही चैन ज्याला परवडते तोच पहिला लेखक होतो. उपकरारावरच्या संशोधकाचा करार माहिती गोळा करून सुपूर्द केली की संपतो, आणि निबंध लिहिण्याच्या काळात तो पुढच्या प्रकल्पाच्या प्रश्नावल्या छापत असतो.

ज्यांना हे सगळे फार हिशेबी वाटेल, त्यांनी कांगोचे विषाणुतज्ज्ञ ज्याँ-जाक मुयेम्बे यांच्या कारकिर्दीकडे पाहावे. 1976 मध्ये तेव्हाच्या झाईरमधील, म्हणजे आजच्या कांगोतील, यांबुकू गावात अनोळखी तापाची साथ आली, तेव्हा तिथे पोहोचलेल्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी ते एक होते. त्यांनी उघड्या हातांनी रुग्णांचे रक्त काढले. एका आजारी नन बाईंना ते आपल्याबरोबर किन्शासाला घेऊन आले आणि त्यांच्या रक्ताचे नमुने बेल्जियममधील अँटवर्पच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले, कारण तो विषाणू पाहता येईल अशी सोय देशात नव्हती. इबोलाच्या शोधाच्या कथेत पुढची कित्येक दशके युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांचीच नावे ठळक राहिली. 1995 मध्ये किक्विट येथील साथीत मुयेम्बे यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचे रक्त आजाऱ्यांना देऊन पाहिले. त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून पुढे जी प्रतिपिंडे वेगळी केली गेली, त्यांच्यापासून तयार झालेल्या औषधाला डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या औषधाची चाचणी कांगोतच झाली आणि तिच्या नेतृत्वात मुयेम्बे होते. 2019 मध्ये त्यांनी सांगून टाकले की इबोलाचे नमुने यापुढे कांगोतच राहतील, ज्याला अभ्यास करायचा असेल त्याने इथे यावे. पुढच्याच वर्षी किन्शासात जपानच्या मदतीतून नवी प्रयोगशाळा उभी राहिली. हेही मदतीच्याच पैशातून झाले, हे मुद्दाम सांगतो, कारण मदतीचा पैसा घेऊच नये अशी एक आवेशपूर्ण भूमिका अलीकडे ऐकू येते आणि ती मला पटत नाही. त्या पैशातून कायमची भिंत, यंत्र आणि पद निर्माण होते की तीन वर्षांचा उपकरार, यावर सारे अवलंबून आहे.

नमुन्यांवरून आणखी एक प्रसंग आठवतो. 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्ल्यूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याला देणे थांबवले. आम्ही नमुने फुकट द्यायचे, त्यावरून श्रीमंत देशांतील कंपन्यांनी लस करायची आणि ती आम्हाला परवडणार नाही अशा किमतीला विकायची, हा त्यांचा आक्षेप होता. त्या वेळी त्यांच्यावर जगाची सुरक्षा धोक्यात घातल्याची टीका झाली. चार वर्षांनी, 2011 मध्ये, नमुन्यांच्या बदल्यात लाभाचा वाटा देणारी आंतरराष्ट्रीय चौकट मंजूर झाली, ती त्याच अडवणुकीमुळे.

प्रकाशनशुल्क आणि व्हिसा यांवर इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. नेचर नियतकालिकाने 2021 पासून मुक्त प्रकाशनासाठी 9500 युरोंचे शुल्क ठेवले. गरीब देशांना सवलती असतात, पण मधल्या उत्पन्नगटातील देश त्यांतून अनेकदा निसटतात. 2022 मध्ये माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेला निघालेल्या अनेक आफ्रिकी प्रतिनिधींना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत मिळाला नाही. ज्या साथीचा सर्वाधिक भार ज्यांच्यावर आहे, तेच सभागृहाबाहेर राहिले.

निधी कापला जातो तेव्हा ही उतरंड सर्वांत स्पष्ट दिसते. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्रिटनने मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. मार्च 2021 मध्ये तिथल्या संशोधन निधी संस्थेने, यूकेआरआयने, कळवले की हाती असलेला निधी आणि आधीच दिलेल्या शब्दांची रक्कम यांत 12 कोटी पौंडांची तफावत आहे. चालू प्रकल्पांना, ऐन महासाथीत, खर्च कमी करून दाखवा अशी पत्रे गेली. विद्यापीठातील कायम प्राध्यापकाचा पगार अशा वेळी विद्यापीठ सांभाळून घेते. काटछाट करण्याजोगे जे उरते ते फील्डवर्क, आणि फील्डवर्क म्हणजे भागीदार देशातील कंत्राटी माणसे. 2025 मध्ये याहून कठोर गोष्ट घडली. यूएसएड 1 जुलै रोजी अधिकृतपणे बंद झाली. त्याआधी, मे महिन्यात, एनआयएचने परदेशी संस्थांना उपअनुदाने असलेले नवे प्रकल्प नवी व्यवस्था लागू होईपर्यंत मंजूर न करण्याचे ठरवले. चाचण्या मध्येच थांबल्या. औषध घेत असलेल्या सहभागी व्यक्तींना त्याचे कारण सांगण्याचे काम निर्णय घेणाऱ्यांना करावे लागले नाही. ते संमतिपत्रावर सही घेणाऱ्या स्थानिक परिचारिकेने केले. ब्रिटन तर 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर जाणार आहे.

आता आपल्या, म्हणजे भागीदार देशांच्या, बाजूचेही सांगितले पाहिजे. आफ्रिकी देशांनी देशांतर्गत उत्पन्नाचा 1 टक्का संशोधनावर खर्च करण्याचे उद्दिष्ट 1980 च्या लागोस कृती आराखड्यापासून वेळोवेळी मान्य केले आहे आणि बहुतेक देश अजून त्याच्या आसपासही नाहीत. स्वतःचे सरकार एक पैसा घालत नसेल, तर परक्याच्या अटी नाकारण्याची ताकद कुठून येणार? शिवाय राजधानीतील संस्थेचा संचालक लंडनच्या विद्यापीठाकडून जी वागणूक मिळते तिच्याविषयी परिषदेत तळमळीने बोलतो आणि परत आल्यावर जिल्ह्यातील माहितीसंकलकाशी हुबेहूब तशीच वागतो. पूर्व कांगोतील बुकावू येथील संशोधन-साहाय्यकांनी याविषयी स्वतः लिहिले आहे. सशस्त्र टोळ्यांच्या प्रदेशात मुलाखती घेताना त्यांना विमा नसतो, निबंधात त्यांचे नाव नसते, आणि परदेशी संशोधक मायदेशी परतल्यावर मुलाखतीबद्दल जाब विचारायला लोक त्यांच्याच दारात येतात. उपकराराखाली आणखी एक उपकरार असतो, तो तोंडी असतो, आणि तो आपण लिहितो.

उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. कॅनडाने 1970 मध्ये आयडीआरसी ही संस्था स्थापन केली, ती विकसनशील देशांतील संशोधकांना त्यांच्याच प्रश्नांसाठी थेट पैसा देण्याच्या विचारातून. स्वीडनमध्ये 1975 मध्ये स्थापन झालेली सारेक ही संशोधन-साहाय्य संस्था विद्यापीठांना दीर्घ मुदतीचा आधार देत राहिली. 2015 मध्ये सुरू झालेल्या डेल्टास आफ्रिका या आरोग्य-संशोधन कार्यक्रमात अनुदाने आफ्रिकी संस्थांच्या नावे दिली गेली आणि त्यांचे व्यवस्थापनही नैरोबीतून झाले. युरोपीय विद्यापीठे तिथे भागीदाराच्या खुर्चीत होती. आफ्रिकी विज्ञान अकादमीच्या पुढाकाराने आर्थिक व्यवस्थापनाचे एक मानकही तयार झाले आहे, ज्यामुळे प्रत्येक देणगीदाराने तीच शंभर प्रश्नांची तपासणी नव्याने करण्याची गरज राहू नये. याउलट गरीब देशांतील संशोधनासाठीची 2018 ची जागतिक आचारसंहिता किंवा संशोधनातील न्याय्य भागीदारीविषयीचे 2022 चे केपटाउन निवेदन यांतील प्रत्येक वाक्याशी मी सहमत असूनही त्यांच्याकडून माझी अपेक्षा बेताची आहे. ती निवेदने संशोधकांना उद्देशून आहेत. उपकरार लिहिणारा कायदा विभाग ती वाचत नाही, आणि वाचली तरी त्याचे काम आपल्या विद्यापीठाची जोखीम कमी करणे हेच राहते.

करदात्याच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, अफरातफरीची प्रकरणे घडतात, म्हणून आगाऊ पैसा देता येत नाही, असे त्यावर सांगितले जाते. हिशेब दिलाच पाहिजे. पण आगाऊ रक्कम देऊन पुढचा हप्ता हिशेबानंतर सोडणे ही काही अनोखी युक्ती नाही. कित्येक खासगी प्रतिष्ठाने असेच करतात आणि त्यांचे दिवाळे निघालेले नाही. जोखीम कुठेतरी राहणारच असते. प्रश्न एवढाच की जी संस्था ती सहज पेलू शकते तिच्याकडे ती ठेवायची, की जिचे खाते मेमध्ये रिकामे होते तिच्याकडे.

अलीकडे पाठिंब्याचे पत्र मागणारा मसुदा आला की मी शास्त्रीय भाग नंतर वाचतो. आधी उलट टपाली विचारतो: पहिल्या तिमाहीचा पैसा आगाऊ मिळेल का, आमच्या संस्थेला अप्रत्यक्ष खर्च तुमच्याच दराने धरला आहे का, निधी मध्येच थांबला तर फील्डवरील माणसांचे किती महिन्यांचे पगार मूळ करारात राखून ठेवले आहेत, आणि संशोधनाचा प्रश्न अजून बदलता येईल का. शेवटच्या प्रश्नाला सहसा मनमोकळे, लांबलचक उत्तर येते. पहिल्या तिन्हींसाठी वित्त विभागाशी बोलून कळवतो, असे येते, आणि पत्र मात्र सोमवारपर्यंतच हवे असते.